‘हात’चा ‘हस्त’ होत नाही

2025 च्या जूनमध्ये गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोंची बातमी जगभर फिरली. या द्वीपसमूहात पूर्वेकडची बेटं जुनी आणि पश्चिमेकडची अगदी अलीकडे, म्हणजे पाचेक लाख वर्षांच्या आत, समुद्रातून वर आलेली. पूर्वेकडचे टोमॅटो किडींना दूर ठेवण्यासाठी जी कडू रसायनं बनवतात ती लागवडीतल्या टोमॅटोंसारखीच आहेत. पश्चिमेकडच्या झाडांत मात्र रेणूची घडण वेगळी सापडली. वांग्यात आढळते तशी, टोमॅटोच्या फार जुन्या पूर्वजात असावी तशी. हा फरक घडवायला एका एन्झाइममधली, म्हणजे रसायन घडवणाऱ्या प्रथिनातली, चार अमिनो आम्लं बदलणं पुरेसं होतं. ‘उलटी उत्क्रांती’ हे शब्द मथळ्यांत आले आणि त्यावर जो वाद पेटला तो त्या रसायनांपेक्षा कडू निघाला.

एका बाजूने जाहीर केलं की उत्क्रांती मागेही जाते, गेलेलं परत येत नाही हा जुना नियम मोडला, आता पुस्तकं बदला. दुसरी बाजू म्हणाली, उत्क्रांतीला दिशाच नसते, मग ‘मागे’ या शब्दाला अर्थ काय? प्रश्नच बाद. पहिली बाजू लक्षण आणि वाट यांची गल्लत करते. दुसरी बाजू व्याकरणाची चूक दाखवून एका चांगल्या प्रश्नाचा गळा घोटते. माझं म्हणणं असं की हरवलेलं लक्षण परत येऊ शकतं, आलेलं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते गेल्या वाटेने परत येत नाही, आणि जेव्हा येतं तेव्हा बहुतेक वेळा ते मुळात पुरतं हरवलेलंच नसतं. उत्क्रांती उलटी फिरते का, असं विचारण्याऐवजी त्या लक्षणाची कृती इतकी वर्षं कुठे जपून राहिली होती असं विचारलं, तर निम्मं भांडण मिटतं आणि उरलेलं निम्मं भांडण्याच्या लायकीचं होतं.

आपल्याकडे घोळ शब्दापासूनच आहे, हेही जाता जाता सांगायला हवं. ‘उत्क्रांती’तला ‘उत्’ म्हणजे वर. शब्द उच्चारला की डोळ्यासमोर शिडी उभी राहते, आणि शिडी आली की तिच्यावरून घसरणंही आलं. गुहेतल्या माशाचे डोळे गेले तर आपण त्याला अधोगती म्हणतो. पण काळोखात डोळे पोसणं हा निव्वळ खर्च आहे. तो वाचवणारा मासा कुठे खाली उतरला?

ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो तो लुई डोलो काय म्हणत होता, हे वादात उतरणाऱ्यांपैकी फार थोडे सांगतात. जन्माने फ्रेंच, शिक्षणाने इंजिनिअर, आयुष्य गेलं ब्रुसेल्सच्या संग्रहालयात. बेल्जियममधल्या बेर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत 1878 मध्ये इग्वानोडॉन डायनोसॉरचे सांगाडे ढिगाने सापडले. ते जुळवून उभे करण्यात या माणसाने वर्षानुवर्षं घालवली. एकेका हाडावरून प्राणी कसा चालत असेल, त्याचे पूर्वज कसे राहत असतील हे वाचायची त्याला सवय लागली. 1893 मध्ये त्याने मांडलं ते एवढंच: जीव आपल्या पूर्वजांच्या मालिकेत एकदा होऊन गेलेल्या अवस्थेत पुन्हा जसाच्या तसा जात नाही, मधल्या टप्प्यांची खूण त्याच्या अंगावर राहतेच. उपयोग परत येईल, आकार परत येईल, पण प्रवास पुसला जाणार नाही. देवमासा पाण्यात परतला, पोहायला लागला, पण त्याची शेपटी वरखाली हलते, माशाची डावीउजवीकडे. जमिनीवर धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा त्याने बरोबर नेला. डोलोला दिसत होतं ते हेच.

हा विचार त्याच्या आधीचाही आहे. 1859 मध्ये डार्विनने लिहिलं होतं की एकदा नष्ट झालेली प्रजाती, सगळी परिस्थिती हुबेहूब परत आली तरी, पुन्हा अवतरत नाही. उदाहरण त्याच्या आवडत्या कबुतरांचं. पंख्यासारखी शेपटी असलेली जात समूळ नष्ट झाली, तर शौकीन लोक पारव्यापासून निवड करत करत तशी दुसरी जात काढतीलही. पण पारवाही नष्ट झाला असेल आणि दुसऱ्या एखाद्या जातीपासून सुरुवात करावी लागली तर? पंखा जमला तरी जन्मखूण वेगळी राहणार.

आता विरोधी बाजूचं बळ मान्य करू, कारण ते खरोखर मोठं आहे. आधी सोपी उदाहरणं. मँचेस्टरमध्ये 1848 मध्ये एका पतंगाचा काळा प्रकार नोंदला गेला. कारखान्यांच्या काजळीत तो इतका फोफावला की शतकाअखेरीस तिथे जवळपास सगळेच पतंग काळे होते. 1956 मध्ये ब्रिटनने हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा केला, झाडांची खोडं पुन्हा उजळली, आणि फिका पतंग परतला. सिएटलजवळच्या वॉशिंग्टन तलावातही असंच. सांडपाणी थांबलं, गढूळ पाणी निवळलं, ट्राउट माशांना भक्ष्य लांबून दिसू लागलं, आणि काही दशकांत तिथल्या स्टिकलबॅक माशांत अंगभर हाडांचं चिलखत असलेल्यांचं प्रमाण झपाट्याने वाढलं. ही उलटी उत्क्रांती आहे का? असं म्हणायला माझी हरकत नाही. पण इथे काही हरवलंच नव्हतं. फिके पतंग कमी झाले होते, संपले नव्हते. चिलखताचं जनुक समुद्रातल्या आणि तलावातल्या माशांत फिरतच होतं. तराजूचं पारडं एकदा इकडे झुकलं, एकदा तिकडे. ज्या वस्तू पारड्यात होत्या त्या होत्याच. अशी उदाहरणं देऊन डोलोला हरवल्याचा आनंद मानणं म्हणजे त्याने न लढलेली लढाई जिंकणं.

खरी अडचण दक्षिण अमेरिकेतला एक बेडूक उभी करतो. बेडकांच्या खालच्या जबड्यात दात नसतात. वीस कोटी वर्षांहून अधिक काळ नाहीत, आणि हजारो जातींत नाहीत. अपवाद एकच: कोलंबिया आणि इक्वाडोरच्या अँडीज जंगलांतला गॅस्ट्रोथिका गुएन्थेरी. त्याच्या खालच्या जबड्यात दात आहेत. दातासारखे दिसणारे हाडांचे खोंब नव्हेत, वरचं कठीण इनॅमल आणि आतलं डेंटाइन असलेले अस्सल दात. वंशवृक्षावर मांडून पाहिलं तर ते अलीकडच्या पावणेदोन कोटी वर्षांत कधीतरी परत आले असावेत, असा 2011 मधला निष्कर्ष आहे. वीस कोटी वर्षांनी परतलेले दात! हे ऐकून ज्याला क्षणभर थांबावंसं वाटत नाही त्याने या वादात पडू नये.

काडीकिड्यांचं प्रकरण त्याहून गाजलं. 2003 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं की या गटाचे पूर्वज पंखहीन होते आणि पुढे त्यांच्यातल्या काही शाखांत पंख पुन्हा आले, तेही एकदा नव्हे. इथे माझ्या बाजूचे लोक एक पळवाट काढतात. पंख गमावणं सोपं आणि कमावणं कठीण असं धरून पुन्हा आकडेमोड केली की उत्तर बदलतं, पंख परत न येता अनेकदा गेल्याचं दिसतं. हे बरोबर आहे. पण त्यात एक लबाडी लपलेली आहे, ती मी कबूल करतो. परत येणं कठीण असतं असं आधी गृहीत धरायचं आणि मग परत आलं नाही असा निष्कर्ष काढायचा, याला पुरावा म्हणत नाहीत. काडीकिड्यांचा निकाल लागेपर्यंत दोन्ही पक्षांनी त्यांना साक्षीला बोलावू नये, हे उत्तम.

आणि सर्वांत धारदार आक्षेप तर्काचा आहे. ‘जसंच्या तसं परत येत नाही’ असा नियम असेल तर तो मोडणार कसा? काहीही परत आलं की तुम्ही भिंग घेऊन बसणार, कुठेतरी एक फरक सापडणार, आणि म्हणणार, पाहा, हे ते नव्हेच. मग हा निसर्गाचा नियम आहे की शब्दांची चलाखी? आक्षेप रास्त आहे. त्यामुळे नियमाच्या बचावासाठी व्याख्येमागे दडून चालणार नाही. नियमामागचं कारण सांगावं लागेल, आणि त्या कारणावरून पुढचं भाकीत करून दाखवावं लागेल.

कारण समजून घ्यायला आपल्या भाषेकडे पाहू. संस्कृत ‘हस्त’चा प्राकृतात ‘हत्थ’ झाला आणि मराठीत ‘हात’. आज आपण ‘हस्ताक्षर’ म्हणतो, ‘हस्तलिखित’ म्हणतो. म्हणजे हरवलेला जोडाक्षराचा आवाज भाषेत परत आला. मग ‘हात’ उलट्या पावलांनी चालत ‘हस्त’पर्यंत गेला का? मुळीच नाही. ‘हात’ हातच राहिला. ‘हस्त’ पोथ्यांत जपलेला होता, पाठांतरात जिवंत होता, तिथून तो उचलून आणला. ज्याला संस्कृत ठाऊकच नाही अशा माणसाला ‘हात’ हा शब्द देऊन त्याचं जुनं रूप सांग म्हटलं तर? ‘हत्त’, ‘हात्त’, ‘हप्त’, ‘हक्त’, काहीही असू शकतं. बदलाच्या प्रत्येक पायरीवर माहिती गळाली, आणि गळालेली माहिती उरलेल्या शब्दात शोधून सापडत नाही. जुनं रूप परत येण्यासाठी ते दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी वापरात असावं लागतं.

जनुकांचंही तसंच आहे. काम देणारं जनुक नैसर्गिक निवड राखते, कारण त्यात बिघाड झालेला जीव मागे पडतो. बिनकामाच्या जनुकाला राखणदार नसतो. त्यात चुका साचत जातात आणि एक दिवस ते वाचण्याच्या पलीकडे जातं. 1994 मध्ये तीन संशोधकांनी याचा हिशेब मांडला: मुकं पडलेलं जनुक पाच लाख ते साठ लाख वर्षांपर्यंत पुन्हा बोलतं होण्याची बऱ्यापैकी शक्यता असते, एक कोटी वर्षांनंतर जवळजवळ नाही. क जीवनसत्त्व शरीरातच बनवण्याचं शेवटचं एन्झाइम आपल्या पूर्वजांनी कित्येक कोटी वर्षांपूर्वी गमावलं. त्याच्या जनुकाचे मोडके अवशेष आजही आपल्या प्रत्येक पेशीत आहेत, बरेच तुकडे तर गायबच. क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्हीने खलाशांना शतकानुशतकं मारलं, पण त्या गरजेपोटी जनुक दुरुस्त झालं नाही. गरज आहे म्हणून मजकूर परत लिहिला जात नसतो.

इथे चाणाक्ष वाचक मला पकडेल. एक कोटी वर्षांची मुदत असेल तर बेडकाचे दात वीस कोटी वर्षांनी कसे आले? पण हेच तर त्या भाकिताचं यश आहे. बेडकांनी खालच्या जबड्यातले दात गमावले, वरच्या जबड्यातले नाहीत. दात बनवायची कृती प्रत्येक पिढीत वरच्या जबड्यात वापरली जात होती, राखली जात होती. गमावली होती ती फक्त ‘खालीही बनव’ ही सूचना. आता कोंबडी पाहा. पक्ष्यांनी दात दोन्ही जबड्यांतून, सगळेच, दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी गमावले. भाकीत काय निघेल? दाताचा कोंब फुटण्याची तयारी कदाचित असेल, कारण तसेच संकेत पिसं आणि खवले घडवतानाही वापरले जातात. पण इनॅमलचं जनुक, ज्याला दाताशिवाय दुसरं काम नाही, ते सडलेलं असणार. घडलंही तसंच. 2006 मध्ये एका विकृत कोंबडीच्या भ्रूणात मगरीच्या कोवळ्या दातांसारखे सुळके उगवलेले दिसले. इनॅमलची जनुकं तपासली तर ती मोडून पडलेली. 1980 च्या एका प्रयोगात उंदराच्या ऊतीच्या संगतीने कोंबडीच्या ऊतीतून इनॅमलसकट दात मिळाल्याचं सांगितलं गेलं होतं. ते इनॅमल उंदराचंच असावं, अशी शंका तेव्हापासून पाठ सोडत नाही. ही शब्दांची चलाखी नव्हे. कुठे परत येईल आणि कुठे येणार नाही हे आधी सांगता येतं, आणि तपासता येतं.

गुहेतल्या माशांपाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा सगळा वाद त्यांच्या दोन डोळ्यांच्या खोबणींत मावतो. मेक्सिकोतला हा मासा नदीत राहतो तेव्हा डोळस असतो, गुहांत राहतो तेव्हा आंधळा आणि पांढुरका. गंमत अशी की आंधळ्या माशाच्या भ्रूणातही डोळा बनायला सुरुवात होते. वाटी तयार होते, भिंग तयार होतं, मग भिंगातल्या पेशी मरू लागतात आणि सगळा डोळा आत खचून त्यावर कातडी धरते. 2000 मध्ये दोन संशोधकांनी नदीतल्या माशाच्या भ्रूणातलं इवलंसं भिंग काढून गुहेतल्या भ्रूणाच्या एका बाजूच्या वाटीत बसवलं. मासा मोठा झाला. एका बाजूला कातडीने झाकलेली खोबण, दुसऱ्या बाजूला गोल, भरलेला, बुबुळ असलेला डोळा. म्हणजे डोळ्याची बाकी कृती शाबूत होती, बिघाड मोजक्या ठिकाणी होता. पुढे 2008 मध्ये आणखी साधा प्रयोग झाला. वेगवेगळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला, आणि काही पिल्लांना दिसू लागलं. सर्वांत दूरच्या गुहांच्या संकरात तर जवळपास 40 टक्के पिल्लांना. आईबाप आंधळे, आजोबा-पणजोबांच्या हजारो पिढ्या आंधळ्या, आणि पोर डोळस! एका गुहेत एक कडी तुटली होती, दुसऱ्या गुहेत दुसरी. पोराला दोघांकडून एकेक धड कडी मिळाली. डार्विनने काळ्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या कबुतरांचे संकर करता करता अवचित रानपारव्यासारखं निळं, पंखांवर दोन काळे पट्टे असलेलं पिल्लू मिळवलं होतं, त्याच जातीची ही गोष्ट. यात कुणी मागे गेलेलं नाही. दोन फाटक्या प्रतींतून एक वाचण्याजोगी प्रत जुळली आहे.

मग कृती शाबूत असली की वाट मोकळी का? तसंही नाही. कॉर्टिसॉल हे संप्रेरक ओळखणारा एक रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन, आपल्या शरीरात आहे. त्याचं चाळीसेक कोटी वर्षांपूर्वीचं रूप काय असेल याचा अंदाज बांधून संशोधकांनी ते प्रथिन प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बनवलं. जुन्या रूपातून नव्या रूपात येताना सात बदल निर्णायक ठरले होते. 2009 मध्ये त्यांनी ते सातही बदल उलटे केले. जुनं काम परत यायला हवं होतं, पण प्रथिन निकामी झालं. कारण त्या सात बदलांनंतर आणखी पाच छोटे बदल येऊन बसले होते. नव्या रचनेत ते निरुपद्रवी होते, जुन्या रचनेत तेच पाचर मारल्यासारखे आड येत होते. घरात मोठं कपाट आणलं आणि नंतर दार अरुंद करून घेतलं, तर कपाट आल्या दाराने बाहेर जात नाही. आधी दार फोडावं लागतं. पण निसर्गाला पुढचं दिसत नाही. पुढे कधीतरी कपाट हलवायचं आहे म्हणून आज दार फोडणाऱ्या बदलाला कोणताही फायदा मिळत नाही, आणि फायदा नसलेले पाच बदल ओळीने जुळून येण्याची वाट पाहत बसणं म्हणजे न येणाऱ्याची वाट पाहणं.

या वादात शब्द जपून वापरा असं मी म्हणतो ते केवळ काटेकोरपणाच्या हौसेने नव्हे. ज्युलियस सीझरच्या घोड्याच्या खुरांना बोटांसारख्या चिरा होत्या. ज्योतिषांनी सांगितलं, याचा धनी जगावर राज्य करणार. 1919 मध्ये व्हँकूव्हर बेटाजवळ मारलेल्या एका देवमाशाला सव्वा मीटर लांबीचे मागचे पाय फुटलेले होते. एखाद्या जिवात पूर्वजाचं लक्षण असं डोकावतं, पण एक देवमासा म्हणजे देवमाशांची उत्क्रांती नव्हे. उत्क्रांती पिढ्यांमधून, समूहात घडते. हा फरक पुसला की काय होतं? 1876 मध्ये इटलीच्या चेझारे लोंब्रोझोने गुन्हेगार म्हणजे आपल्यात जन्मलेला आदिमानव असा सिद्धांत मांडला, आणि कवटीच्या खोबणीवरून, जबड्याच्या आकारावरून माणसं जन्मजात गुन्हेगार ठरू लागली. हे एकोणिसाव्या शतकातलं वेड म्हणून सोडून द्यावं, तर आपल्या शतकात तुर्कस्तानातल्या एका कुटुंबातली पाच भावंडं हातापायांवर चालतात म्हणून उनेर तान या शास्त्रज्ञाने त्यांना उलट्या उत्क्रांतीचा नमुना ठरवलं. 2014 मध्ये त्यांच्या चालीचं चित्रीकरण टप्प्याटप्प्याने तपासलं गेलं, आणि ती माकडांच्या चालीशी जुळेना. माकडं तिरप्या जोडीने पाय टाकतात, ही भावंडं एका बाजूचे हातपाय लागोपाठ टाकत होती, जसं तुम्ही-आम्ही ओणवे होऊन चालताना टाकू. लहान मेंदूच्या दोषामुळे त्यांना तोल सांभाळता येत नव्हता. त्यांना गरज होती उपचारांची आणि आधाराच्या काठ्यांची. मिळालं काय, तर माणसाच्या आधीच्या पायरीवरची जागा.

टोमॅटोंकडे परत येतो. चार अमिनो आम्लांनी रसायनाची घडण बदलली, कारण ते एन्झाइम कधी बंद पडलंच नव्हतं. त्याच कामातला एक छोटा पेच इकडून तिकडे फिरला. याला उलटी उत्क्रांती म्हणायचं तर म्हणा, मी अडवणार नाही. फक्त ती झाडं पूर्वज झाली असं म्हणू नका. कोवळ्या लाव्हाच्या खडकावर, त्या पूर्वजाने कधीही न पाहिलेल्या जागी ती उभी आहेत, आणि बाकी सगळ्या अंगाने आजची टोमॅटो आहेत.

आणि हे मनाला पटत नसेल तर अरबस्तानच्या वाळूतला एक लहान साप आहे, एरिक्स जयाकरी. मस्कतमध्ये नोकरी करणारे डॉ. आत्माराम जयकर यांचं नाव त्याला मिळालं आहे. बोआ कुळातले त्याचे बहुतेक भाऊबंद पिल्लं घालतात, हा मात्र अंडी घालतो. त्याचे पूर्वज पिल्लं घालणारे होते आणि अंडी पुन्हा आली, असं वंशवृक्ष सांगतो. अंडी घालणाऱ्या इतर सापांच्या पिल्लांना कवच चिरायला तोंडाशी एक खास दात असतो. जयकरांच्या सापाचं अंडं परत आलं, तो दात आला नाही. पिल्लू त्याच्याविनाच बाहेर पडतं.